कार्बुरेटर साफ केला की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच

माझ्या जुन्या मोटरसायकलचा कार्बुरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, दोन महिन्यांत तीनदा उघडला गेला. पहिल्यांदा एका मेकॅनिकने उघडला, दुसऱ्यांदा दुसऱ्याने, तिसऱ्यांदा मी स्वतः. प्रत्येक वेळी साफ करून बसवला की गाडी एका किकमध्ये सुरू व्हायची आणि स्लोला, म्हणजे मूठ न पिळता, शांत उभी राहायची. मग आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. थांबलं की गुदमरायची, चोक ओढल्याशिवाय धरायची नाही, मूठ हळूच पिळली की आचके द्यायची. जोरात पिळली तर मात्र सुसाट जायची.

तेव्हा एक गोष्ट लक्षात यायला हवी होती, ती फार उशिरा आली. साफ केल्यावर गाडी बरी होते आणि पुन्हा बिघडते, म्हणजे कार्बुरेटर खराब झालेला नसतो, त्याच्यात बाहेरून काहीतरी येत राहतं. आणि साफ करूनही गाडी जराही सुधारत नसेल, तर दोष बहुतेक वेळा कार्बुरेटरमध्ये नसतोच. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी अर्धा तास नुसती तपासणी करा. त्या अर्ध्या तासात पुढचे तीन शनिवार वाचतात.

आधी ठिणगी, मग पेट्रोल

जुन्या गाडीच्या बाबतीत "कार्बुरेटर गेलाय" असं ज्या तक्रारींबद्दल म्हटलं जातं, त्यातल्या पुष्कळ विजेच्या निघतात. गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल, काळे पडलेले कॉन्टॅक्ट पॉइंट, आतून तुटलेली प्लगची वायर किंवा ढिली कॅप, यांची लक्षणं कार्बुरेटरच्या लक्षणांसारखीच दिसतात.

फरक ओळखायची एक खूण मला कधी फसवून गेलेली नाही, ती म्हणजे गाडी बंद कशी पडते. किल्ली फिरवल्यासारखी एकदम गप्प झाली तर ठिणगीवर संशय घ्या. पेट्रोल कमी पडलेली गाडी हळूहळू दम सोडते, दोन-चार आचके देते आणि मग थांबते.

बंद पडल्याबरोबर, पुन्हा किक न मारता, प्लग काढून बघा. (इंजिन गरम असतं, हात जपून.) प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण जळत नाही. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. ठिणगी पाहायची असेल तर प्लगची बॉडी इंजिनच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून चांगली दूर. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते आणि ती पेट घेऊ शकते.

चार स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह क्लिअरन्सही (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली बारीक फट) पाहून घ्या. व्हॉल्व्ह फार घट्ट झाला की तो पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, गाडी थंडपणी सुरू व्हायला त्रास देते आणि स्लो टिकत नाही. कार्बुरेटर कितीही घासला तरी ते सुधारणार नाही.

टाकीपासून खाली या

ठिणगी ठीक निघाली तरी लगेच कार्बुरेटरकडे जाऊ नका. पेट्रोल ज्या वाटेने येतं त्याच वाटेने तुम्हीही खाली या.

पहिलं टाकीचं झाकण. त्यात हवा आत येण्यासाठी एक बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली जाईल तसा टाकीत दाब कमी होत जातो आणि पंधरा-वीस मिनिटांनी पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी बंद पडते, जरा वेळ उभी केली की पुन्हा चालते. असं होत असेल तर बंद पडल्या क्षणी झाकण उघडा. "स्स्" असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष सापडला.

दुसरं, प्रवाह. कार्बुरेटरकडची नळी काढून एका पारदर्शक बाटलीत सोडा आणि टाकीखालचा कॉक (पेट्रोलची तोटी) उघडा. धार सलग यायला हवी आणि मिनिटभरानंतरही बारीक व्हायला नको. इंजिनच्या ओढीने उघडणारा व्हॅक्यूम कॉक असेल तर तो "प्राइम"वर ठेवून बघा. त्या कॉकला इंजिनकडून येणारी बारीक नळीही काढून पाहा. तिच्यात पेट्रोलचा थेंब जरी दिसला तरी कॉकचा डायफ्राम (आतला पातळ रबरी पडदा) फाटलेला आहे आणि इंजिन त्या वाटेने कच्चं पेट्रोल ओढतंय. मग गाडी कायम रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालते आणि कार्बुरेटर उगाच बदनाम होतो.

तिसरी चाचणी सगळ्यात सोपी, आणि मी नेमकी तीच केली नव्हती. भरलेली बाटली दहा मिनिटं हलवू नका, मग उजेडात धरा. तळाशी वेगळा, डोलणारा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी. तपकिरी भुकटी दिसली तर बाटलीला बाहेरून चुंबक लावून सरकवा. भुकटी चुंबकामागे सरकली तर तो टाकीचा गंज.

माझ्या बाटलीत तळाशी पिठासारखी तपकिरी भुकटी होती आणि ती चुंबकामागे सरकत होती. टाकी कायम निम्म्याच्या खाली ठेवायची सवय मला नडली. वरचा उघडा पत्रा आतून गंजत गेला, आणि तो गंज इतका बारीक होता की कॉकच्या जाळीतून सहज खाली जात होता. तीनही वेळा कार्बुरेटर झकास साफ झाला होता, आणि तीनही वेळा त्याच टाकीतलं पेट्रोल त्याच्यात सोडलं होतं.

गंज काढायला मी टाकी उतरवली, कॉक काढून भोक बंद केलं आणि कोमट पाण्यात सायट्रिक अॅसिड विरघळवून एक रात्र भरून ठेवलं. आत मूठभर नट टाकून टाकी हलवली. नट मोजून टाका म्हणजे मोजून बाहेर काढता येतील. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, मग स्वच्छ पाण्याने, आणि लगेच गरम हवेने खडखडीत वाळवायची. ओली टाकी तासाभरात पुन्हा तांबूस दिसायला लागते, म्हणून वाळल्याबरोबर पेट्रोलने काठोकाठ भरा. नळीत एक फिल्टरही घाला, पण गुरुत्वाने उतरणाऱ्या पेट्रोलसाठी असलेलाच. पंपाच्या गाडीचा दाट कागदी फिल्टर बसवला तर धार अडते आणि एक नवीनच दुखणं सुरू होतं. नळी वरच्या बाजूला वळणार नाही, हेही पाहा.

बिघाड मुठीच्या कोणत्या वळणावर होतो?

हा मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, आणि बहुतेक जण तो वगळूनच पाने हातात घेतात.

कार्बुरेटर म्हणजे एकच यंत्र नव्हे, एका भांड्यात तीन-चार वेगवेगळ्या वाटा आहेत. मूठ किती पिळली आहे त्यावर कोणती वाट काम करते ते ठरतं. म्हणून मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर पांढरी चिकटपट्टी लावा आणि बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. इंजिन गरम करा, मोकळ्या रस्त्यावर प्रत्येक खुणेवर थोडा वेळ गाडी स्थिर चालवा आणि बिघाड कुठे होतो ते लिहून ठेवा. वेग किती आहे याच्याशी देणंघेणं नाही, मूठ कुठे आहे ते पाहायचं.

स्लाइडच्या (मुठीच्या तारेने वर-खाली होणाऱ्या पडद्याच्या) साध्या कार्बुरेटरमध्ये बंद मुठीपासून साधारण एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट (जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा) आणि मिश्रण जुळवायचा छोटा स्क्रू काम करतात. तिथून पावपर्यंत स्लाइडच्या खालच्या कापलेल्या कडेचा प्रभाव असतो. पावपासून पाऊणपर्यंत लांब सुई आणि तिची नळी, आणि त्यापुढे मेन जेट. सीमा काटेकोर नसतात, शेजारच्या वाटा एकमेकींत मिसळतात.

आता माझी तक्रार या खुणांवर ठेवून बघा. स्लोला मरते, हळू पिळली की आचके, जोरात पिळली की सुसाट. म्हणजे मेन जेट आणि सुई निर्दोष, अडकलंय ते पायलट जेट. ते बुजतंही सगळ्यात आधी, कारण त्याचं भोक अनेक लहान गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. उलट, स्लोला छान आणि पूर्ण मुठीवर दम तुटतो असं असेल तर मेन जेट, कार्बुरेटरच्या खालच्या वाटीत (जिथे पेट्रोल साठतं) पेट्रोल कमी येणं किंवा तुंबलेला एअर फिल्टर यांकडे बघा. फक्त मधल्या टप्प्यावर घरघर होत असेल तर सुईची क्लिप सरकली आहे का, सुई आणि तिची नळी झिजली आहे का ते पाहा. खूप चाललेल्या गाडीत नळीचं गोल भोक घासून लांबट होतं आणि मधल्या टप्प्यावर पेट्रोल जास्त जातं. ते साफ करून सुधारत नाही, जोडी बदलावी लागते.

ज्या कार्बुरेटरमध्ये स्लाइड तारेने न उचलता हवेच्या दाबाने उचलली जाते, त्यात वरच्या रबरी डायफ्रामला भोक पडलं की गाडी एका मर्यादेपुढे चढतच नाही. झाकण काढून डायफ्राम उजेडात धरा. टाचणीएवढं भोकसुद्धा पुरतं.

हवा जास्त की पेट्रोल जास्त

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवेचं प्रमाण वाढलं तर मिश्रण लीन, पेट्रोलचं वाढलं तर रिच. दोष कोणत्या दिशेचा आहे हे ठरल्याशिवाय काहीही फिरवू नका.

चोक हे यासाठी हाताशी असलेलं उपकरण आहे; तो ओढला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. इंजिन पूर्ण गरम असताना, बिघाड होतोय त्या टप्प्यावर चोक किंचित ओढा. गाडी सुधारली तर मिश्रण लीन होतं. आणखी गुदमरली तर आधीच रिच होतं. लीन गाडी मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके सोडते, जास्त तापते, थंडपणी धरत नाही. रिच गाडी थंडपणी बरी चालते आणि गरम झाली की घुसमटते, धूर काळा येतो, पेट्रोल खाते. प्लग पाहिला तर रिच गाडीचा कोरड्या काजळीने काळा, लीन गाडीचा पांढुरका. मात्र स्लोवर पाच मिनिटं उभ्या ठेवलेल्या गाडीचा प्लग पाहून मेन जेटबद्दल काहीच कळत नाही. ज्या टप्प्याची शंका आहे त्याच टप्प्यावर चालवा, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि मग प्लग काढा.

जुन्या गाडीच्या बाबतीत इथे आणखी एक गोष्ट येते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते, दहा टक्के मिश्रणाला सुमारे १४.१. जेट मात्र शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने बसवलेले. म्हणजे गाडीत काहीही न बिघडता ती थोडी लीन होते. आधीच जेमतेम लीन असलेली गाडी त्यामुळे रेषेपलीकडे जाते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं, म्हणून अशा पेट्रोलवर गाडी महिनोन्महिने उभी ठेवली की वाटीत चिकट थर आणि पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड सापडते.

टाकी साफ झाल्यावरही राहिलेला दोष

गंज काढल्यावर माझी गाडी स्लोला मरायची थांबली, पण एक नवीन खोड दिसू लागली. मूठ सोडली तरी इंजिनचा वेग लगेच खाली यायचा नाही, दोन-तीन सेकंद तसाच लटकून राहायचा. तो लवकर खाली यावा म्हणून मी स्लोचा स्क्रू कमी केला, तर थंडपणी गाडी बंद पडायला लागली.

हे लक्षण कुठूनतरी चोरून हवा येत असल्याचं आहे. कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड उष्णतेने कडक होतो आणि आतून तडकतो. बाहेरून पाहिलं तर धड दिसतो. वाकवून पाहिल्यावर तड उघडी पडली. न काढता तपासायचं असेल तर इंजिन स्लोवर ठेवून जोडाभोवती पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनच्या आवाजात बदल झाला तर हवा तिथूनच येते. पुष्कळ जण हेच कार्बुरेटर क्लीनरच्या फवाऱ्याने करतात. फरक जास्त स्पष्ट कळतो, पण तापलेल्या इंजिनवर तो पेट घेऊ शकतो, म्हणून मी पाणीच वापरतो. जोडावरची ओ-रिंग, क्लॅम्प आणि व्हॅक्यूम नळीची बंद केलेली तोंडंही बघा. जोड बदलला आणि इंजिन मूठ सोडताच खाली यायला लागलं.

थ्रॉटलचा आडवा दांडा असलेल्या कार्बुरेटरमध्ये तो दांडा झिजूनही हवा येते. दांडा बोटांनी वर-खाली हलवला आणि स्लो बदलला, तर कितीही ट्यूनिंग केलं तरी ते टिकणार नाही. बुश (दांड्याभोवतीच्या धातूच्या कड्या) बसवावे लागतात.

पेट्रोल ओव्हर होत असेल तर

वाटीच्या खालच्या नळीतून पेट्रोल टपकत असेल तर फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) छोटी सुई बंद होत नाही. आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके टकटक करा. थांबलं तर सुईत कचरा अडकला होता, आणि कचरा आला म्हणजे पुन्हा टाकीकडे जा. थांबलं नाही तर सुईच्या टोकावर नखाला लागेल अशी गोल खाच पडलीय का ते बघा, आणि फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळत असेल तर फ्लोट फुटलाय आणि तो बुडालेलाच राहतो.

एक गोष्ट इथे कळकळीने सांगतो. गाडी रात्रभर ओव्हर झाली असेल तर किक मारण्याआधी इंजिन ऑइल तपासा. पातळी वाढली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरलंय. ते ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवू शकत नाही.

वाटीतली पातळी न उघडताही पाहता येते. ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक कार्बुरेटरला समांतर वर धरा आणि ड्रेन स्क्रू सैल करा. नळीत पेट्रोल जिथे थांबतं तीच वाटीतली पातळी. ती साधारणपणे वाटी आणि बॉडीच्या सांध्याच्या काही मिलिमीटर खाली असते, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

उघडायचाच असेल तर

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते, म्हणून मोकळ्या जागेत बसा आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी उडणारं काहीही ठेवू नका. जपानी बनावटीच्या कार्बुरेटरचे स्क्रू फुलीसारखे दिसले तरी साध्या फिलिप्सपेक्षा वेगळे असतात. चुकीचं टोक लावलं की डोकं गुळगुळीत होतं.

जेट पितळेचे, मऊ. त्यात स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की ते जेट कायमचं बिघडलं. क्लीनरमध्ये भिजवा, मग नायलॉनच्या ब्रशचा एक केस आणि दाबाची हवा. त्याआधी रबराचं सगळं काढून बाजूला ठेवा. जेट साफ झाला म्हणून थांबू नका, तो ज्या वाटेत बसतो ती वाटही मोकळी हवी. क्लीनरची नळी एका टोकाला लावली की दुसऱ्या टोकाच्या बारीक भोकांतून धार यायला हवी. थ्रॉटलच्या कडेशी असलेली ती सुईच्या टोकाएवढी भोकं न पाहताच कार्बुरेटर बंद केला जातो, आणि मग "साफ करूनही तसाच" अशी तक्रार उरते.

छोटा स्क्रू काढण्याआधी तो आत किती फेऱ्यांत हलकेच टेकतो ते मोजून लिहा. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा आहे, बाहेर फिरवला की मिश्रण लीन होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर फिरवला की रिच. हा फरक न कळल्याने लोक तासन्‌तास उलट्या दिशेने ट्यूनिंग करतात. गरम इंजिनवर वेग सर्वाधिक होईल तिथे तो ठेवा, मग स्लोचा स्क्रू कमी करा, पुन्हा एकदा तेच करा. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांपेक्षा जास्त उघडावा लागत असेल, किंवा हवेचा जवळपास पूर्ण बंद करावा लागत असेल, तर पायलटची वाट अजून तुंबलेली आहे किंवा कुठूनतरी हवा येतेय.

जुन्या कारमध्ये बाकी सगळं हेच, फक्त एक भर. एक्सलरेटर दाबल्यावर क्षणभर गाडी बसते आणि मग उचलते, असं असेल तर इंजिन बंद करून एअर क्लीनर काढा, कार्बुरेटरच्या गळ्यात बघत थ्रॉटल हाताने उघडा. पेट्रोलची ठसठशीत पिचकारी दिसायला हवी. नुसता थेंब आला तर एक्सलरेटर पंपाचा डायफ्राम किंवा त्याचं बारीक तोंड तपासा.

आणि एक दोष असा आहे की कार्बुरेटर उघडेपर्यंत नाहीसा होतो. दमट, गार हवेत, तापमान शून्याच्या बरंच वर असलं तरी, पेट्रोलच्या बाष्पीभवनाने गळा इतका थंड होतो की आत बर्फ धरतो. गाडी बराच वेळ एकसारखी चालल्यावर हळूहळू मरते, दहा मिनिटं उभी केली की इंजिनच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि सगळं ठीक. त्या वेळी थांबून कार्बुरेटरला बाहेरून हात लावा, घाम फुटल्यासारखा ओला आणि थंडगार लागेल.

माझी गाडी आता दीड वर्ष न उघडता चालते आहे. महिन्यातून एकदा मी वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून घोटभर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढतो आणि बाहेरून चुंबक लावून बघतो. तळाशी काही सरकलं, तर त्या दिवशी कार्बुरेटरला हात न लावता आधी टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारायचा.